आमसुली लुगड्याचा स्वेटर

आमच्या घरात सुती कापडाला मरण नव्हतं, फक्त त्याचा हुद्दा उतरत जायचा. नवं लुगडं लग्नकार्याला. ते विटलं की बाजारात जायला, मग वाडीत कामाला. वाडीत कशाला तरी अडकून फाटलं की जुनेर. जुनेराचं बाळाला दुपटं, दुपट्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. पोतेऱ्याच्या पुढे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तोवर ते जमिनीच्याच रंगाचं झालेलं असायचं. त्यामुळे वहिनीनं मला 'रीसायकल' म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हा मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

उमेळ्याला आमची वाडी होती. केळी, पानवेल, बांधाच्या कडेनं मोगरा. दोन भावांच्या मधली मी एकटी बहीण. लग्न करून आचोळ्याला आले, नोकरदार माणसाच्या दोन खोल्यांत. माहेर रिक्षाच्या अंतरावर राहिलं, म्हणून मी स्वतःला फार नशीबवान समजत असे.

वाडी बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा मला बोलावणं आलं. आमच्याकडे बहिणीला विचारायची पद्धत नाही, बोलवायची आहे. रजिस्ट्रारच्या कचेरीत दादानं मला पंख्याखालची खुर्ची दिली, थंड पेय दिलं आणि हक्क सोडल्याच्या कागदांवर कुठं कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. मी केली. कुणी बळजबरी केली नाही, हे मुद्दाम सांगते. उलट सही करताना मला भलताच मोठेपणा वाटत होता. जमीन काय, जमिनीला कधी ओवाळता येतं का, असली दोन-तीन वाक्यं मी मनात तयारही ठेवली होती, नंतर कुणी विचारलं तर ऐकवायला. कुणी विचारलं नाही. बाहेर आल्यावर दादानं रिवाजाप्रमाणे साडीचोळी केली. साडी गुलाबी, चमचमती आणि भारी घसरणारी. मी ती एकदाच नेसले. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला वाण घ्यायला वाकले आणि निऱ्यांनी माझी साथ सोडली.

एवढी वाडी आणि बदल्यात एक साडी, असं मी म्हणत नाही. आमचे हे म्हणतात. ते कोकणातले. त्यांच्याकडे एका फणसावरून सख्ख्या चुलत्यांची बोलाचाली पिढ्यान् पिढ्या बंद असते, त्यांना आमचा उदारपणा कसा कळावा?

वाडी गेली तशी आई दादाबरोबर नायगावच्या टॉवरमध्ये गेली. चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसायची, मिठागरं दिसायची. वारा असा की देवापुढं दिवा टिकायचा नाही. पण आईची अडचण वेगळीच होती. ती नऊवारी नेसायची, आणि नऊवारी लुगडं वाळत घालायला त्या घरात जागा नव्हती. उमेळ्याला अंगणात सुपारीपासून आंब्यापर्यंत दोरी होती. धुतलेलं लुगडं पिळायला मी लागायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, ती एकीकडे पीळ घालायची आणि मी उलटीकडे. माझा पीळ नेहमी ढिला पडायचा. "हात आहेत का केळीची सोपटं?" असं ती म्हणायची आणि झटका देऊन मला दोन पावलं पुढं ओढून घ्यायची.

टॉवरमध्ये बाल्कनीच्या कठड्यावर कपडे घालायचे नाहीत, असा सोसायटीचा नियम. आईनं पहिल्याच आठवड्यात तो मोडला. चौदाव्या मजल्यावरून तिचं लुगडं तेराव्या मजल्याच्या दिवाणखान्यासमोर फडफडायला लागलं आणि खालून इंटरकॉम वाजला. मग ती लुगड्याच्या घड्या घालून ते आतल्या छोट्या दांड्यांवर टाकायची. घडीतलं लुगडं दोन दिवस वाळायचं नाही. त्याला ओलसर, आंबूस वास यायचा आणि तसंच ते तिच्या अंगाला. शेवटी वहिनीनं तिला गाऊन आणून दिले. फुलाफुलांचे, ढगळ.

"ह्यात मला उघडं उघडं वाटतंय गं," आई मला म्हणाली होती.

पण घालायला लागली. लुगडी पिशवीत भरून माळ्यावर गेली. गाऊनमध्ये आई कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी दिसायची. खुर्चीच्या अगदी कडेला बसायची.

इथं एक सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही आता नेहमीप्रमाणे वहिनीच्या नावानं बोटं मोडणार. वहिनीनं आईचं सगळं केलं. शेवटच्या दिवसांत अंग पुसण्यापासून सगळं. मी आपली आठवड्यातून एकदा केळी घेऊन जाणारी लेक. केळीसुद्धा विकतची. आई ती हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, "वाफेवर पिकवलीत मेल्यांनी." मी तेवढं ऐकून, चहा पिऊन घरी यायची.

अशाच एका दुपारी वहिनी आत पोळ्या लाटत होती, आणि आईनं मला माळ्यावरची पिशवी काढायला लावली. वरच आमसुली लुगडं होतं. गडद, कोकमाच्या सालीसारखं, बारीक पिवळ्या काठाचं. हे लुगडं इतर लुगड्यांपेक्षा हातभर आखूड होतं. माझी लेक जन्मली तेव्हा तिला पहिलं कापड म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं मऊ जुनेर हवं होतं. घरात नेमकं एकही जुनेर नव्हतं. आईनं अंगावरच्या लुगड्याच्या पदराचा तुकडा टरकन् फाडला आणि लेकीला त्यात गुंडाळलं. चांगलं, पुढं कित्येक वर्षं टिकेल असं लुगडं. पुढं कायम ते नेसताना तिचा पदर खांद्यावर जेमतेम पोचायचा आणि ती तो डाव्या हातानं ओढत राहायची. लोकांना वाटायचं सवय आहे. त्या तुकड्याचं माझ्या घरी दुपट्याचं फडकं झालं आणि फडक्याचं पोतेरं. मी काही जपून बिपून ठेवला नाही. आमच्यात जपून ठेवण्यापेक्षा वापरण्याचं वेड जास्त.

"हे तू घे, पोरी," आई म्हणाली. "आत्ताच ने. मंग कोनी विचारनार नाय."

आणि मी काय म्हणाले? "असं काय बोलतेस गं? तूच नेस की ते. बरी हो आधी."

आता वाटतं, आई तापानं नाही, वयानं बसली होती, बरी कशातून होणार होती? पण जित्या माणसाच्या अंगावरचं कापड त्याच्यादेखत उचलून न्यायचं म्हणजे त्याचे दिवस मोजल्यासारखं. शिवाय वहिनी आत होती. चार केळी घेऊन आलेली नणंद निघताना पिशवी फुगवून निघाली, तर दाराशी वहिनीची नजर आधी पिशवीवर जाणार आणि मग माझ्यावर. ती काही म्हणणार नाही. म्हणाली असती तर बरं, मी उत्तर दिलं असतं. न म्हटलेल्याला काय उत्तर देणार? मी लुगडं पिशवीत ठेवलं, पिशवी माळ्यावर ठेवली, स्टूल जागेवर ठेवलं. सगळं जिथल्या तिथं. आईनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

वैशाखात आई गेली.

तेराव्याला लुगड्यांचा विषय निघालाच नाही. दादा इतकंच म्हणाला, "वर्षभर तिच्या वस्तूंना हात नको लावूया. वर्ष सरू दे, मग बघू."

मला ते पटलं. बरंसुद्धा वाटलं. आईच्या साड्या लेकीच्या, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. दागिने सुना घेतील, भांडी ज्याच्या घरात आहेत त्याची, पण लुगडी लेकीची. ती मागायची नसतात. माहेरी काहीच मागायचं नसतं, ते समोरून यायला हवं. मागून मिळालं की त्याची किंमत गेली. असं मला आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. आम्ही सगळ्या न मागता वाट बघण्यात तरबेज बायका. मी वर्षभर नायगावला जाताना मनात ठरवून जायची की आज वहिनी म्हणेल, "ताई, ते आईंचं एकदा बघून घ्या." वहिनी म्हणायची, "ताई, चहा ठेवू?"

घरी येऊन मी भांड्यांशी बोलायची. पितळी पातेल्याला मी सगळं ऐकवलेलं आहे.

"अगं, सरळ सांग ना तिला, एक लुगडं हवंय म्हणून," आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे.

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळत खरं. साधी साडी तर आहे."

"साधी आहे म्हणूनच."

वर्ष सरलं. वर्षश्राद्धाला मी पहाटे उठून घारग्यांचं पीठ मळलं, डबा भरला आणि आणखी एक गोष्ट केली. कापडी पिशवी घेतली. रिकामी, घडी करून, पर्सच्या तळाशी. न जाणो.

नायगावला सगळं रीतसर झालं. धाकटा बंगलोरहून एकटाच आला होता. पिंड झाले, पानं वाढली, खीर-वडे झाले. भटजी गेले. मग हात पुसत वहिनी आतल्या खोलीत गेली आणि तीन चपटे खोके घेऊन आली. वर सुतळीचा बो बांधलेला.

"आता एक सरप्राइज," ती म्हणाली. "आईंची आठवण. तिघांना."

मनात म्हटलं, बघ, तू उगाच पातेल्याला त्रास दिलास. वहिनीच्या लक्षात होतं सगळं. खोका साडीच्या घडीपेक्षा रुंद वाटला, पण म्हटलं, नीट इस्त्री करून ठेवली असेल.

आत स्वेटर होता.

पट्ट्यापट्ट्यांचा. पोपटी, डाळिंबी, मोरपंखी, हळदी, मधेच एक पांढरा, आणि खालच्या कडेला रुंद आमसुली. तिघांनाही अगदी एकसारखे.

"ओळखा बघू कशाचे आहेत," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडं बघवेना. "आईंची लुगडी! वसई पूर्वेला एका गाळ्यात करतात. आपण जुने सुती कपडे द्यायचे. ते रंगाप्रमाणे वेगळे करतात, मशीनमध्ये त्याचा कापूस करतात, परत सूत काढतात आणि विणतात. नवा रंग नाही, काही नाही. सगळं रीसायकल. नाहीतर ती लुगडी माळ्यावर कसर लागून गेली असती. आता कशी, कायम अंगावर."

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी. एक पण वाया नाही घालवलं."

धाकट्यानं लगेच डोक्यातून घातला. दादालाही घालावा लागला. बाहेर वैशाखाचं ऊन मिठागरांवर पांढरं तापलेलं, आणि आत वहिनीनं एसी सोळावर आणला, म्हणाली, "ताई, तुम्ही पण घालून बघा ना, मी माप अंदाजानं दिलंय." अंदाज तिनं माझ्या लग्नाच्या अल्बमवरून बांधला असावा. दंडात तो असा अडकला की मला हात धड खाली करता येईनात. आम्ही तिघं त्या पाटांशेजारी उभे होतो, वरातीतले बँडवाले पंगतीची वाट बघत उभे असतात तसे.

"काय भारी आयडिया आहे, वहिनी," धाकटा म्हणाला. "माझ्या ऑफिसातल्या एकाकडे आईच्या साड्यांवरून बहिणी भांडल्या. इथं भांडणच नाही. तिघांना सेम टू सेम."

"तेच तर!" वहिनी म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, कुणाला चांगली गेली, कुणाला विटकी गेली, असं नको. मुलगा मुलगी फरक नको. आईंचं जे आहे ते तिघांत समान."

माहेरच्या चार भिंतींत 'समान' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. वाडीच्या वेळी तो कुणाच्या तोंडी आला नव्हता. केळीच्या एका खुंटालाही नाही, पानवेलीच्या एका ओळीलाही नाही. जे परंपरेनं माझं होतं तेवढ्यावरच येऊन तो नेमका उभा राहिला. बरं, असं सगळ्यांसमोर म्हणता येतं का? मी आपली पट्टे बघत राहिले.

"वहिनी, हा पांढरा कुठला हो? आईकडं पांढरं काही नव्हतं."

वहिनी जरा लाजली. "अहो, त्यांचं कमीत कमी वजन असतं ना, ते थोडं कमी पडत होतं. मग ह्यांचे बनियन घातले. धुवून हां!"

दादा खो खो हसला. "म्हंजे मी पन आहे काय आईबरोबर!"

सगळे हसले. आमचे हे पण हसले. मी सुद्धा हसायला तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर आलं.

"आमसुली होतं एक. पदराला तुकडा कमी होता त्याच्या."

"हो हो, ते फाटकं," वहिनी म्हणाली. "तेच सगळ्यात आधी टाकलं."

"ते आईनं मला देऊ केलं होतं."

वहिनीचा चेहरा हळूहळू उतरला. दादानं स्वेटरचा गळा ताणून मान मोकळी केली.

"मग बोलायचंस ना!" तो म्हणाला. "वर्षभर येतेस जातेस. एक शब्द टाकला असतास तर कोनी नाय म्हटलं असतं?"

"माहेरी मागतात का, दादा?"

"अगं पन न मागता दुसऱ्याला कळनार कसं? काय मनात बघायला यंत्र आहे आमच्याकडं?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तेच मला झोंबलं. चूक असतं तर मी मान डोलावून गप्प बसले असते.

"खरं आहे," मी म्हणाले. "तू मागितलंस, तुला मिळालं."

"मी काय मागितलं?"

"सही."

दादाचा चेहरा डाळिंबी पट्ट्याच्या रंगावर गेला. "म्हंजे आता तू वाडीवर आलीस."

"मी लुगड्यावरच आहे."

"नाय नाय. एका फाटक्या लुगड्यासाठी कोनी असं बोलत नाय. हे तुझ्या डोक्यात कोनी घातलं?" आणि त्यानं आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. ते बिचारे तिसऱ्या वड्याकडं हात नेत होते.

"माझ्याकडं काय बघता, दादासाहेब?" ते हात मागं घेत म्हणाले. "मला घरी पंखा एकचा दोनवर करायला परवानगी लागते. मी काय डोक्यात घालणार?"

एरवी यावर हशा पिकला असता. धाकटा म्हणाला, "ताई, आजच्या दिवशी तरी नको होतं गं." वहिनी रडायला लागली. "मी एवढ्या हौसेनं केलं," ती म्हणत होती, आणि ते खरं होतं. तिनं खरंच हौसेनं केलं होतं. तिला जवळ घेऊन थोपटावं असं मला वाटलं, पण त्या स्वेटरमध्ये माझे हात वर होत नव्हते. मी तो काढायला गेले तर तो डोक्यात अडकला. आतल्या अंधारात मी आईचा वास शोधला. नव्या खोक्याचा वास येत होता.

आम्ही निघालो. पर्समधली पिशवी मी उघडली नाही, स्वेटर खोक्यासकट हातातच धरला. लिफ्टपर्यंत दादा आला. दर वेळी तो खाली रिक्षा बघून द्यायचा. त्या दिवशी लिफ्टचं बटण दाबून दिलं.

त्यानंतरची गोष्ट मला लोकांकडून कळली. माझ्या माहेरच्या गोतावळ्यात बातमी पायांनी नाही, बैलानं उधळावं तशी जाते. मी वर्षश्राद्धाच्या पानावर वाटा मागितला. मी पिंडाला कावळा शिवण्याआधीच विषय काढला. मी वकील गाठला. वसईच्या बाजारात एक चुलत काकू भेटली, मेथीच्या जुड्या उलटसुलट करत मला म्हणाली, "काय गं, कोर्टात गेलीस म्हनं?"

"लुगड्यासाठी, काकू?"

"मला नको सांगू. चांगलं केलंस. आम्हाला नाय जमलं." आणि जाताना माझा हात दाबून, इकडंतिकडं बघून म्हणाली, "पन भावाला दुखवू नको गं. शेवटी माहेर ते माहेर."

म्हणजे चांगलंही केलं आणि करूही नको.

सही केली होती ती माहेर राहावं म्हणून. लुगडं मागितलं नाही तेही माहेर राहावं म्हणून. दोन्ही खर्ची पडलं, आणि हाती राहिला दंडात न मावणारा स्वेटर. हिशेबात मी शाळेपासून कच्चीच.

राखी मी पोस्टानं पाठवली. पोचली का ते कळलं नाही. दिवाळीत दादाचा निरोप आला, मला नाही, ग्रुपवर, सगळ्यांना मिळून: 'यंदा आम्ही भाऊबीजेला बाहेरगावी आहोत.' मी खाली लिहिलं, 'प्रवास सुखाचा होवो.' नंतर काकूकडूनच कळलं की ते घरीच होते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ताट केलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, अशी रीत आहे. मला दोन भाऊ, त्यातला एक वसईच्या पलीकडं खाडीकाठी, तरी मी निरांजन घेऊन खिडकीत गेले. बीजेची कोर ती केवढी, लगेच मावळणारी, आणि आमच्या पश्चिमेला नवी इमारत उभी राहिलेली. चंद्र तिच्या मागं होता की मावळला होता, कोण जाणे. मी इमारतीला ओवाळलं.

"मी येऊ का पुढं?" आमचे हे मागून म्हणाले. "निरांजन पेटलंय तोवर."

"तुम्ही तुमच्या बहिणीकडं जाऊन या आधी. ती वाट बघत असेल."

ते गेले. जाताना मी त्यांच्या हातात तिच्यासाठी साडी दिली. सुती, चांगली, मीच निवडलेली. आणि म्हटलं, "तिला विचारा, आणखी काही हवंय का. तोंडानं विचारा. ती सांगणार नाही, तर परत विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो स्वेटर काढला. माझ्या डोक्यात असं आलं की खालची कड आमसुली आहे, ती उसवावी. विणकाम मला येत नाही, पण उसवायला काय लागतं? दोरा ओढला की येतो. तेवढंच सूत गुंडाळून ठेवू. लुगडं नाही तर लुगड्याचा गुंडा.

कात्रीनं शेवटचा टाका कापला आणि दोरा ओढला. वीतभर आला आणि तुटला. पुन्हा टोक शोधलं, ओढलं, चार बोटं आला, तुटला. एकदा पिंजून भुगा झालेल्या कापडाचं सूत ते, त्याला जीव कुठला? माझ्या मांडीवर तुसांचा ढीग झाला, नाकात गेलं, शिंका यायला लागल्या. मी एक तुकडा उजेडात चष्म्याजवळ धरला. लांबून आमसुली दिसणाऱ्या त्या दोऱ्यात पोपटी तंतू होते, हळदी होते, आणि जागोजाग पांढरे. दादाचे बनियन आईत सगळीकडं पसरले होते. वेगळं असं आमसुली त्यात काही नव्हतंच.

"अगं, अगं, काय करतेस?" आमचे हे दारात. "सगळा सुटेल तो."

"सुटू दे."

"मग काय घालशील?"

"वसईत स्वेटर लागतो कधी?"

पण मी थांबले. खालची कड कुरतडल्यासारखी झाली होती, फासे उघडे पडले होते. मी घडी करून तो कपाटात ठेवला आणि शिंकत केर काढला.

जानेवारीत चार दिवस आमच्याकडं थंडी पडली. म्हणजे आमच्या मानानं. पंखा बंद करावा लागला आणि सकाळी दूध आणायला निघालेले लोक कानटोप्या घालून एकमेकांना काश्मीरला आल्यासारखे सांगू लागले, "काय कडाका आहे!" त्यातल्याच एका सकाळी ग्रुपवर वहिनीचा निरोप आला. कितीतरी दिवसांनी माणसानं लिहिलेला निरोप, नाहीतर सगळे फुलांचे सुप्रभात. 'थंडी पडली! सगळ्यांनी आईंचे स्वेटर घालून फोटो टाका.'

धाकट्याचा आला, बंगलोरहून, कॉफीचा मग हातात. दादाचा आला, बाल्कनीत, कठड्याला रेलून. मग थोडा वेळ काही नाही. मग वहिनीचं एकच: 'ताई?'

मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. त्या एका शब्दापुढचं प्रश्नचिन्ह मला दाराच्या फटीसारखं दिसत होतं. दार वहिनीनं उघडलं होतं, दादानं नाही, पण उघडलं होतं. आता मी काय लिहू? की तुम्ही दिलेला स्वेटर मी कात्रीनं उसवला?

"अहो," मी हाक मारली. "जरा एक फोटो काढा."

मी तो दंडांत कोंबला, श्वास धरून खाली ओढला. खालच्या कडेला फासे लोंबत होते आणि त्यातून आतला ब्लाउज दिसत होता.

"पूर्ण काढू?" ह्यांनी विचारलं.

"छातीपासून वर."

"सुटलेलं दिसेल म्हणून?"

"काढा तुम्ही."

त्यांनी काढला. निरखून पाहिला, मलाही दाखवला. काही दिसत नव्हतं. पाच पट्टे दिसत होते, आणि वर मी. आमसुली चौकटीच्या खाली राहिला होता. मी तो ग्रुपवर टाकला आणि कणीक मळायला घेतली, पण नजर फोनवरच.

वहिनीनं लिहिलं, 'खूप गोड! आई असत्या तर किती खूश झाल्या असत्या.' पुढं जोडलेले हात. दादानं अंगठा टाकला. आणि धाकट्यानं लिहिलं, 'ताई, तुझाच सगळ्यात छान बसलाय.'

मी कणकेच्याच हातानं लिहिलं, 'थँक यू रे.' मग सुटलेले दोरे कमरेला खोचले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. काढायचा तर होता, पण तो काढायला दोन माणसं लागतात, आणि आमचे हे तोवर आंघोळीला गेले होते.